पागेच्या शिस्तीत वाढलेली पिल्लं

कोंबडीच्या पिल्लांना ऊब कशी द्यावी आणि त्यांची जागा स्वच्छ कशी ठेवावी, यावर आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं माझ्या लग्नावरसुद्धा झालं नाही. हे सांगितलं की माझी सून हसते. आम्ही आता ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत राहतो, इथे अंडी कोपऱ्यावरच्या दुकानातून पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये येतात आणि पिल्लू कुणी बघितलेलं नसतं. हसते तर हसू दे. पण त्या पिल्लांपायी माझ्या आईवडिलांमध्ये जे बिनसलं ते शेवटपर्यंत जुळलं नाही. कडाक्याचं भांडण झालं असतं तरी मला चाललं असतं. भांडणं मिटतात. आमच्याकडे भांडण झालंच नाही.

माझे वडील संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होते. आमच्यातले पुरुष दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले ते घोड्यावर बसून, आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावरच राहिले. मूळ गाव कुठलं म्हटलं तर घरात तिघे तीन नावं सांगायचे. पण घोड्याच्या बाबतीत मात्र कुणाचं दुमत नसायचं. पहाटे उठायचं, लीद काढायची, फरशी धुवायची, खरारा करायचा, आधी पाणी मग दाणा. घोडा पाणी पीत असताना वडील हलकी शीळ घालायचे, त्यानं घोडा निवांत पितो म्हणे. आम्हाला कधी त्यांनी शीळ घातली नाही, पण त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही. घरातली मोठी माणसं घोड्यांकडे जास्त लक्ष देतात हे आम्ही गृहीतच धरलं होतं.

मग संस्थान विलीन झालं. मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं, शहरातल्या मुख्य चौकात, महाराज बाड्यावर, रोषणाई झाली, लोकांनी मिठाई वाटली. आमच्या घरी त्याचा अर्थ एवढाच झाला की रिसाला मोडला. तरण्या शिपायांना नव्या फौजेत घेतलं, वडिलांचं वय त्यात बसलं नाही. घोडे कुठे कुठे गेले. वडिलांच्या हातची घोडी कुणी नेली ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही, विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. ते कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी येऊन बसले, आणि बसले ते बसलेच. सूर्य वर आला तरी उठायचे नाहीत. दाढी वाढली. ताटात वाढलेलं अर्धं तसंच राहायचं. आई कुणाला काही म्हणाली नाही, पण दुपारी भांडी घासता घासता मध्येच थांबायची आणि आतल्या खोलीत त्यांचा श्वास ऐकायची. ते मी पाहिलेलं आहे.

आईच्या कोंबड्या होत्या. परसात कडुनिंबाखाली खुराडं होतं आणि त्यात पाचसहा गावठी कोंबड्या. वडिलांनी त्यांच्याकडे कधी वळून पाहिलं नव्हतं. घोड्याच्या माणसाला कोंबडी म्हणजे जनावरच नव्हे. आईची रीत साधी होती. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवायची आणि पिल्लं निघाली की बाकीचं कोंबडीच बघते. पण कधी खुडूक कोंबडीच मांजराच्या तोंडी जायची, कधी ती पिल्लांना टोचून हाकलायची. तेव्हा आई पिल्लं डालग्यात घालून चुलीजवळ आणायची. दोन विटा निखाऱ्यात तापवून, त्या गोणपाटात गुंडाळून डालग्याच्या मधोमध ठेवायची, आणि वर जुनं लुगडं टाकायची. खाली चाळलेली राख आणि तिच्यावर साळीचं तूस. पाणी म्हणून ती तिथे येऊ द्यायची नाही. पिण्याचं पाणीसुद्धा उथळ बशीत, आणि बशीत खडे, म्हणजे पिल्लू भिजणार नाही. पिल्लू मेलं तर ओलाव्यानं मरतं, भुकेनं नाही, असं तिचं म्हणणं होतं.

विलीनीकरणानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या थंडीत जनावरांच्या खात्यानं एक नवी टूम काढली. परदेशी जातीच्या पांढऱ्या कोंबड्यांची पिल्लं माजी शिपायांना वाटायची, म्हणजे त्यांना घरबसल्या उद्योग होईल. ही पिल्लं यंत्रात उबवलेली, त्यांनी आई पाहिलेलीच नाही. खात्याचा निरीक्षक सायकलला पेटी बांधून आमच्या दारात आला. भला माणूस होता, मुरैन्याकडचा. पेटीबरोबर त्यानं पत्र्याची एक छत्री आणि कंदील आणला होता. छत्री टांगायची, तिच्याखाली कंदील ठेवायचा, खाली भुसा पसरायचा आणि तो रोज हलवायचा, एवढं त्यानं समजावून सांगितलं. वडील आतून बाहेर आले. पेटीत त्यांनी वाकून पाहिलं. पिवळट पिसांचे गोळे, सगळे एकदम ओरडत होते. वडिलांनी कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा आपणहून प्रश्न विचारला, यांचा दाणा कधी आणि पाणी कधी.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले. दाढी केली. परसातली लाकडं ठेवायची खोली त्यांनी रिकामी केली, भिंतीला चुना मारला आणि तिथे पागा सुरू केली. त्याला दुसरा शब्द नाही. कंदील त्यांनी पहिल्याच दिवशी बाहेर काढला, कारण तबेल्यात आग ठेवायची नाही. गवत आहे, एक ठिणगी पडली की संपलं. हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं आणि घोड्यांच्या बाबतीत ते खरंच होतं. खिडकी उघडी, कारण जनावर कोंडलं की त्याला सर्दी होते, थंडीनं होत नाही. तेही घोड्यांच्या बाबतीत खरं. खाली गवताची जाड बिछाली, आणि रोज सकाळी ती उचलून फरशी पाण्यानं धुवायची, खराट्यानं घासायची. एकेका पिल्लाला हातात घेऊन त्याचं मागचं अंग ओल्या फडक्यानं पुसायचे. पिल्लं पाणी पिऊ लागली की शीळ घालायचे. आमच्या शेजारच्या बायका भिंतीवरून बघायच्या आणि पदर तोंडात घालायच्या. मला मात्र हसू यायचं नाही. मला एवढंच दिसत होतं की वडील उभे आहेत.

आईला पहिल्या सकाळीच कळलं होतं. धुतलेली फरशी, उघडी खिडकी आणि पौष महिन्यातली ग्वाल्हेरची थंडी, जिच्यात घागरीतल्या पाण्यात हात घालवत नाही. दुपारपर्यंत पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती आणि दोन मान टाकून होती. ती तेव्हाच सांगू शकली असती. त्याऐवजी तिनं काय केलं, तर वडील सकाळची पाहणी करून मोकळ्या पडलेल्या जुन्या पागेकडे आपल्या सोबत्यांत बसायला गेले की ती खोलीत जायची. गरम राख टाकून फरशी कोरडी करायची, राख झाडून काढायची, कोरडी बिछाली घालायची. पिल्लं डालग्यात घालून चुलीजवळ नेऊन शेकायची आणि वडील जेवायला यायच्या आत परत आणून ठेवायची. संध्याकाळी ते बाड्याकडे फेरी मारायला गेले की बिछालीखाली तापवलेल्या विटा सरकवायची आणि खिडकीला गोणपाट लावायची. पहाटे त्यांच्या आधी उठून सगळं काढून घ्यायची. हे तिनं तो सबंध हिवाळा केलं. तिचे हात कोपरापर्यंत राखेनं फुटले होते आणि वडिलांना ते दिसले नाहीत, कारण बाईचे हात फुटलेले असतातच.

मी एकदा तिला म्हटलं, की सांगून का टाकत नाहीस. ती म्हणाली, "दाढी करून राहिलेत न रोज. राहू दे." आमच्या ग्वाल्हेरी मराठीत इतकं बोललं की पुरतं. मीही मग विचारलं नाही.

बाकीच्या शिपायांकडची पिल्लं पटापट गेली. कुणाच्या कंदिलाला काजळी धरली, कुणाकडे भुसा ओला झाला, कुणी सरळ कापून खाल्ली. आमची जवळजवळ सगळी जगली. पंख फुटले, तुरे लाल झाले, आणि पांढरीशुभ्र होऊन ती परसात अशी फिरायची की बघत राहावं. निरीक्षक आला तो थक्कच झाला. त्याच्याबरोबर नंतर वरचे साहेबही आले. वडिलांनी जुना कोट घातला होता. त्यांनी साहेबांना खोली दाखवली आणि आपली पद्धत सांगितली, मोकळी हवा, धुतलेली जमीन, वेळेवर पाणी, आगीचं नाव नाही. साहेब मान डोलावत होते. आई दाराआड चहाचं ताट घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं आता बोलेल. तिनं ताट पुढे केलं.

आठवड्याभरानं बोलावणं आलं. शहराबाहेर खात्याचं नवं कुक्कुटपालन केंद्र होतं, तिथे पिल्लांच्या घरावर देखरेख करायला माणूस हवा होता. वडिलांना नेमलं. त्या संध्याकाळी ते जेवायला बसले आणि ताट स्वच्छ केलं. मग आईला म्हणाले की पंधरा-वीस वर्षं घोड्यांत काढली ती फुकट नाही गेली, घोडा काय आणि पिल्लू काय, जनावर शेवटी शिस्तीनंच वाढतं. आणि तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं की तुला काय वाटतं, जमेल ना मला. ते असं कधी विचारत नसत. आई म्हणाली, "जमेल न. का नाही जमणार. तुमच्या हाताला गुण आहे."

तिचा हिशोब काय होता तो तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितला. तिला वाटलं होतं की सरकारी केंद्र आहे, तिथे कंदील असतील, मोठाले असतील, चार माणसं असतील, कुणी ना कुणी ते लावीलच. आणि उन्हाळा लागला की थंडीचा प्रश्नच मिटतो. तोवर हे रुळतील, बघून बघून शिकतील. उन्हाळा लागला, सगळं ठीक चाललं, आणि ती निर्धास्त झाली. वडील रोज सायकलवरून जायचे आणि संध्याकाळी तिथल्या गमती सांगायचे. आमच्या घरातले ते सगळ्यात चांगले महिने होते, हे मला आज कबूल करायला जड जातं.

पुढची थंडी आली. केंद्रात मोठी तुकडी निघाली होती, शेकडो पिल्लं. वडिलांनी कंदील काढून भांडारात ठेवायला लावले, खिडक्या उघडल्या, फरशी धुऊन घेतली. तिथल्या राखणदारानं हरकत घेतली तर त्याला गप्प बसवलं. दोन दिवस अशी लाट आली की झाडांवरचे पोपट खाली पडले. तिसऱ्या सकाळी वडिलांनी दार उघडलं तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यांत ढीग होते. वरची काही धडपडत होती, खालची चेंगरून थंड झाली होती. वडिलांनी ते सगळं स्वतःच्या हातानं उचललं, कुणाला हात लावू दिला नाही. मग साहेबांनी त्यांना घरी पाठवलं. ओरडले वगैरे नाहीत, नुसतं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

घरी येऊन ते पुन्हा बसले. पण या वेळचं बसणं निराळं होतं. ते सारखा विचार करत होते. माझ्याच घरी, याच पद्धतीनं, अशाच थंडीत पिल्लं जगली, मग तिथे का मेली. गवत वेगळं होतं का. पाणी विहिरीचं होतं म्हणून का. बोटांवर मोजत एकेक शक्यता काढायचे आणि खोडायचे. शेवटी त्यांच्या डोक्यात बसलं की हे राखणदाराचं काम आहे. त्यानं दाण्यात काहीतरी कालवलं, हरकत घेतली होती त्याचा राग काढला. उद्या जाऊन साहेबांपुढे त्याचं नाव सांगणार होते. कोट काढून झटकून ठेवला होता.

तेव्हा आईचा नाइलाज झाला. राखणदाराची भाकरी जाणार होती. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि सगळं सांगितलं. राख, विटा, गोणपाट, डालगं. घाईनं, एका दमात, पाठ केलेलं म्हणावं तसं. मी पाटावर शिवण घेऊन बसले होते.

वडिलांनी विचारलं, "माझी भीती वाटली तुला?"

आई म्हणाली, "नाही."

"मग का नाही सांगितलंस?"

तिला उत्तर देता येत नव्हतं असं नाही, पण ते तोंडावर कसं म्हणणार.

"कीव आली म्हणजे," वडील म्हणाले. "भीती वाटली असती तर चाललं असतं."

त्यांनी कोट पुन्हा खुंटीला लावला. राखणदाराचा विषय तिथेच संपला. त्या रात्री आणि नंतरही ते आईला एक वावगा शब्द बोलले नाहीत. आईला वाटत होतं की ते रागावतील, हात उगारतील, निदान आठ दिवस अबोला धरतील. तिनं त्याची तयारी केली होती. त्यांनी यातलं काही केलं नाही, आणि तिला काय करावं ते सुचेना.

त्यानंतर वडिलांनी जे केलं त्याला मी आजही मानते. परसातल्या खोलीत त्यांनी तीन ठिकाणं केली आणि एकाच वेळी निघालेली पिल्लं तिन्हींत वाटली. एकीकडे खुडूक कोंबडी. दुसरीकडे आईचं विटांचं डालगं. तिसरीकडे निरीक्षकाची पत्र्याची छत्री आणि कंदील. पागेची रीत त्यांनी ठेवली नाही. आणि स्टूल टाकून ते बघत बसले, एक हिवाळा, मग दुसरा, मग तिसरा.

मीही तिथे पुष्कळ बसले आहे, म्हणून सांगते. कोंबडीसारखी ऊब कशालाच नाही. पिल्लाला हवी तेव्हा ते आत शिरतं, नको तेव्हा पंखातून डोकं बाहेर काढतं. पण कोंबडीच्या अंगावरच्या उवा पिल्लांना लागतात, आणि उठता-बसता एखादं तिच्या पायाखाली जातंच. शिवाय तिच्या पोटाखाली मावतात तेवढीच. आईच्या विटा चांगल्या, धूर नाही, भीती नाही, पण त्या निवत जातात. संध्याकाळी तापलेल्या वाटतात आणि ऐन थंडीच्या वेळी दगड होतात, म्हणजे कुणीतरी उठून बदलायला हव्यात. घरात डझनभर पिल्लं असतील तर हे होतं, शेकड्यानं असतील तर कोण करणार. कंदिलाची ऊब सबंध रात्र टिकते, पण वात जरा वर राहिली की काजळी, आणि पिल्लं डोळे मिटून मरगळतात. वडिलांनी छत्रीला वरून एक भोक पाडून धूर जायला वाट केली आणि कंदिलाभोवती जाळी लावली, म्हणजे बिछालीला ठिणगी लागणार नाही. आग ठेवायची तर तिला कुंपण हवं, एवढी तडजोड त्यांनी स्वतःशी केली.

स्वच्छतेचंही तसंच. वखारीतला लाकडाचा भुसा पिल्लं दाणा समजून खातात आणि पोट फुगून मरतात. राखेनं उवा मरतात, पण नुसती राख उडून डोळ्यांत जाते. वाळू स्वच्छ, पण पहाटे बर्फ. साळीचं तूस सगळ्यात बरं. ते धुवायचं नाही, बदलायचंही नाही रोज, फक्त हातानं खालीवर करायचं आणि पाण्याजवळचं तेवढं ओलं उचलून टाकायचं. ज्या माणसानं जन्मभर लीद दिसली की उचलली त्यानं तूस तसंच राहू द्यायचं, हे त्यांना फार कठीण गेलं. त्यांचे हात नुसते शिवशिवायचे. आणि कुठलीही रीत असो, बरोबर आहे की नाही ते पिल्लंच सांगतात. एकावर एक चढली तर थंडी आहे. छत्रीपासून दूर पळून चोची उघड्या टाकल्या तर उकडतंय. जिथे तिथे विखरून पाय पसरून झोपली तर सगळं ठीक. हे वडिलांनीच मला दाखवलं. शेवटच्या दोन हिवाळ्यांत आमच्याकडे थंडीनं एकही पिल्लू गेलं नाही, आणि त्यात आईचा हात नव्हता. ती मुद्दाम तिकडे जायचीच नाही.

पण हे सगळं करताना वडिलांना एक खोड लागली. ते प्रत्येक गोष्ट आईला विचारायचे. तूस पुरेसं आहे का. वात ठीक आहे का. आई दारातूनच बघून हो म्हणाली की मान हलवायचे, आणि थोड्या वेळानं तेच मला विचारायचे, आई नसताना. मग निरीक्षक आला की त्याला. पुढे पुढे पिल्लांबाहेरही ते गेलं. भाजी चांगली झालीय असं आई म्हणाली की ते माझ्याकडे बघायचे. सदरा शोभतो म्हणाली की आरशाकडे जायचे. आई ते बघायची आणि तिच्या लक्षात येऊनही काही करता यायचं नाही. ती इतकं तोलून खरं बोलायला लागली की तिचं बोलणंच कमी झालं. माझा जीव तुटायचा दोघांसाठी.

छप्पन साल आलं. मध्य भारत गेला, नवा मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळला. आमच्या लष्कर भागात सुतक पडावं तशी कळा होती. ज्याच्या घरी कचेरीतला माणूस त्याच्या घरी बांधाबांध, आणि ज्याच्या घरी नाही त्याच्या घरी चर्चा. आमचा निरीक्षक वर चढला होता आणि त्याचीही बदली भोपाळला झाली होती. निघण्याआधी तो आमच्याकडे आला. खोलीत गेला, छत्रीखाली वाकून बघितलं, तूस हातात घेऊन वास घेतला. मग वडिलांना म्हणाला, "दफेदार साहब, वहाँ नया केंद्र खुल रहा है। आपसे अच्छा आदमी मेरी नज़र में नहीं है।" तिथे सगळं खातं नवीन, चार ठिकाणची माणसं एकत्र येणार, केंद्रात मेलेल्या पिल्लांची गोष्ट तिथे कुणाला माहीत नव्हती, माहीत होती ती एकट्या निरीक्षकाला. आणि तरी त्यानं विचारलं होतं. राहायला घर मिळणार होतं. उद्या येऊन उत्तर घेऊन जातो म्हणाला.

निरीक्षक गेल्यावर वडील परसात स्टुलावर बसून राहिले. त्यांना जायचं होतं. त्यात मला तिळमात्र शंका नाही. ते उठून दोनदा खोलीत गेले, छत्री काढून कशी बांधता येईल ते बघितलं, माझ्याशी भोपाळच्या थंडीबद्दल बोलले, इथल्यापेक्षा कमी असते म्हणे. रिसाला मोडल्यापासून जे हातातून गेलं होतं ते परत मिळत होतं, आणि या वेळी ते त्यांच्या स्वतःच्या कमाईचं होतं.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात आले. आई भाकरी थापत होती. त्यांनी विचारलं, "मला येतं का गं हे?"

आईनं हात थांबवले. ती उठून उभी राहिली, पिठाचे हात तसेच. "येतं," ती म्हणाली. "आता माझ्यापेक्षा चांगलं येतं. मुलीची शपथ घेऊन सांगते. जा तुम्ही."

ते तिच्याकडे बघत राहिले. मी मागे उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आईचा दिसत होता. तिच्या चेहऱ्यावर इतकं उघडं खरं मी कधी पाहिलं नाही. मीही पुढे होऊन म्हटलं की बाबा, आई खरं सांगतेय, मी दोन्ही हिवाळे बघितलेत.

"तुम्ही दोघी मला पाठवाल," वडील म्हणाले. "आणि तिथे मी पुन्हा ढीग उचलीन."

आई म्हणाली की असं होणार नाही, मी तर दोन वर्षं त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. वडिलांनी हसल्यासारखं केलं आणि म्हणाले की पाऊल टाकलेलं मला तेव्हा तरी कुठे दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आला तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की गुडघे धरतात, परमुलूख आता झेपायचा नाही. त्यानं फार आग्रह केला. मग तो गेला. वडील खोलीत जाऊन तूस खालीवर करायला लागले. आई चहाचे कप उचलायला आली आणि कप हातात घेऊन तिथेच बसली. मला म्हणाली, "आता कसं सांगू गं, म्हणजे यांना खरं वाटेल?"

त्यानंतर ती दोघं पुष्कळ वर्षं एकत्र राहिली. थंडीच्या दिवसांत आई खिडकीशी बसून परसाकडे बघायची. छत्रीखाली पिल्लं पाय पसरून झोपलेली असायची, आणि वडील बाहेर येऊन तिला विचारायचे की ठीक आहेत ना. ती म्हणायची, ठीक आहेत. मग ते आत जाऊन पुन्हा मोजायचे.